न निवलेला केक

आमच्या घरात केक मोठी काकू भाजते. मैदा चाळणं, अंडी फेसणं, ओव्हनपुढे घामाघूम होणं, सगळं तिचं. मग धाकटी काकू येते, वर क्रीम फासून स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं मांडते, आणि अख्खं घर म्हणतं, "काय हात आहे हिचा!" मोठीच्या अंगाचा तिळपापड होतो. "भिंती मी बांधायच्या आणि दारावर पाटी हिची!" असं ती माझ्यापाशी धुसफुसते.

आजोबांच्या वाढदिवसाला तिनं ओव्हनमधला केक थेट ताटात उलटा केला आणि धाकटीपुढे सरकवला.

"निवलाय ना ताई?"

"केव्हाच! मांड तुझी फळं."

व्हायचं तेच झालं. क्रीम वितळलं, फळं घसरून मधोमध गोळा झाली आणि त्यांचा रस केकमध्ये मुरला. धाकटी रडवेली झाली. मोठी पदराआड हसली.

आजोबांनी घास घेतला, डोळे मिटून चघळला.

"इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा केक घशाला कोरडा लागला नाही," ते म्हणाले. "धाकट्या सूनबाई, यापुढे भाजायचंही तूच बघ."