थोरल्याच्या घरी केलेल्या चोऱ्या

आयुष्यातल्या पहिल्या घरफोडीला मी दाराची बेल वाजवली.

घरफोडी कॉम्प्युटरवरची होती, अब्रू मात्र खरी गेली. एका बटणानं कुलूप उघडतं आणि शेजारच्या बटणानं बेल वाजते, हे मला ठाऊक होतं. तरी हात बेलवरच गेला. न सांगता कुणाच्या घरात शिरायची सवयच नाही. मालकानं दार उघडलं, मला पाहिलं आणि पोलीस बोलावले. मी रिकामी पिशवी घेऊन उभा.

इंझोरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. पुण्यात शिकणाऱ्या पोरीनं तिचा जुना कॉम्प्युटर दुकानात आणून दिला, त्यात एक खेळ राहून गेला होता. मोठं परदेशी शहर, त्यात मोकळं फिरायचं, गाड्या पळवायच्या, पोलिसांना चुकवायचं. मला त्यात गोडी नव्हती. माझी गाडी झाडावरच चढायची. मग पोरीनं फोनवर सांगत सांगत त्याला एक जोड लावून दिली. मोड म्हणतात तिला. कंपनीची नव्हे, खेळाच्या वेड्यांनी हौसेनं बनवून फुकट ठेवलेली. ती लावली की घरं फोडता येतात. दिवसा पाळत ठेवायची, आत दबकत चालायचं, आवाज वाढला की कोपऱ्यातली पट्टी लाल होते. आणि त्यात एक सोय अशी होती की तिच्यापायी मी पन्नाशीत चोर झालो. हवं तसं घर आपणच मांडून घ्यायचं, आणि फोडायचं.

मी रिसोडचं घर मांडलं. माझ्या थोरल्या भावाचं.

झालं असं होतं. आई गेली तेव्हा आमच्या महालक्ष्म्यांचे, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींचे, दोन पितळी मुखवटे भावानं रिसोडला नेले. "थोरल्याच्या घरीच राह्यतात," म्हणाला. रीत तशीच आहे, नाही म्हणत नाही. पण अठरा वर्षं त्या महालक्ष्म्या आईसोबत माझ्या बायकोनं बसवल्या होत्या, लुगडी नेसवण्यापासून सोळा भाज्यांपर्यंत. रिसोडला पहिल्याच वर्षी ती मुखवट्याला हात लावायला गेली, तर वहिनी साऱ्या बायांसमोर म्हणाली, "तू पाहुणी हायेस आता, बस तिकडं." ती जाऊन बसली. जेवली नाही. मी त्या वेळी तिसऱ्यांदा कढी मागून घेत होतो, हे ती विसरलेली नाही. परतीच्या एसटीत एवढंच म्हणाली, "एक शबूद बोलले नाई तुमी."

भावासमोर मला बोलता येत नाही. लहानपणापासून नाही. म्हणून सूड कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं.

पांढरं गेट, चपलांचं स्टँड, दिवाणावरची फुलाफुलांची चादर, सगळं हुबेहूब केलं. मालकीण म्हणून खेळातली सगळ्यात रागीट चेहऱ्याची बाई निवडली. परदेशी सामानात मुखवटे कुठले असायला, म्हणून देवघरात दोन पितळी फुलदाण्या ठेवल्या. रोज दुपारी मागच्या दारानं शिरायचो, फुलदाण्या पिशवीत घालायचो आणि जाताना भावाच्या टीव्हीला लाथ हाणायचो. त्या आवाजानंच दर वेळी पकडला जायचो. लाथ न मारता निघालो असतो तर पहिल्या आठवड्यातच सुटलो असतो. पण मग चोरी करण्यात मजा काय?

असे दोन महिने गेले. श्रावणातल्या एका दुपारी पाठीमागून आवाज आला.

"काय करून राह्यला बे?"

भाऊ. रिसोडहून न कळवता आलेला. माझा हात घसरला आणि चोर त्याच्या दिवाणावर चढून उभा राहिला.

भावानं चष्मा लावला. "हे आपलं घर हाये ना?"

"खेळ हाये भाऊ. पोरीनं टाकून देल्ला."

"दिवाण आता खिडकीखाली सरकवला," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "तू तिथं काय करतं?"

खोटं सुचायला वेळ मिळाला असता तर बोललो असतो. "चोरी."

"कायची?"

"मुखवट्यायची."

वाटलं, आता कानाखाली बसते. भावानं स्क्रीनवर वाकून देवघर पाहिलं. मग म्हणाला, "देवघरात नसतात ते. गव्हाच्या कोठीत असतात."

म्हणजे दोन महिने मी चुकीची खोली लुटत होतो. मुखवटे वर्षभर धान्यात ठेवतात, हे आमच्या घरातली कोणतीही बाई झोपेत सांगेल. मी तर फक्त जेवणाऱ्यांतला.

भावानं पिशवीतून एक गाठोडं काढून टेबलावर सोडलं. दोन्ही मुखवटे तव्यासारखे काळे.

"उन्हाळ्यात तुह्या वहिनीनं गव्हात किडीच्या गोळ्या टाकल्या. हे आतच होते. सण आला म्हणून काढले, तं असे. आठ दिवस घासून राह्यली, निघतच नाई. आई कायनं घासे, ते तुह्या बायकोले माहीत असीन, म्हणे."

देवीचे चेहरे काळवंडलेले पाहून माणसाला वाईट वाटायला हवं. मला वहिनी दिसली, हात सोलून निघेस्तोवर घासत बसलेली, आणि जीव असा थंड झाला की काय सांगू.

"वहिनी नाई आल्या?" मी म्हणालो. "आल्या असत्या तं आमीही बसवलं असतं, पाहुणी म्हणून, तिकडं."

पन्नास वर्षांत भावासमोर एवढं लांब वाक्य मी बोललो नव्हतो. भाऊ चष्मा काढून पुसत राहिला. मुखवटे ठेवून, चहा न घेता, मिळेल त्या जीपनं परत गेला. "चार दिवसानं येतो न्यायले," एवढं जाताना म्हणाला.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि चिंच भिजत घातली. चिंच, चुलीची राख, नारळाची शेंडी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही चेहरे असे लखलखले की आईच्या हातचे वाटावेत. चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. "निघू का?" त्यानं विचारलं. मी फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. ती मुखवटे कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवत होती, वर कडुनिंबाचा पाला. झाकण लावलं, हात पुसले.

"सांगा त्याईले," ती म्हणाली, "लई काळे झालते म्हणा, घासणं सुरूच हाये अजून. महालक्ष्म्या झाल्यावर निघीन सारं."