त्यायच्या हातात गोटा नव्हता

आमच्या घरी अजूनबी संत्र्याच्या लाकडाचा वास येते. खुंटीवर माह्या लेकीच्या, दामिनीच्या बाबाची लाकूड कापाची आरी टांगली आहे, तिचाच तो वास. मी ती धुतली नाही, पुसलीबी नाही. दुपारी हवा आली का आरी थोडीशी हालते, अन् मले वाटते हे आता उठून म्हनतीन, "भाकर बांध वो, उशीर होऊन राहिला."

हे म्हनजे माहे मालक. नाव नाही घेतलं मी कधी. लगनात सासूनं उखान्यात घे म्हनलं तवा मी तोंडावर पदर घेऊन पळालीच. तवापासून दामिनीचे बाबा, नाही तं नुसतं हे.

यायचं, म्हनजे माह्या मालकाचं, काम सल काढाचं. संत्र्याच्या झाडात वाळलेली काडी राह्यते, तिले सल म्हनतात. नाही काढली तं झाड आतून सुकत जाते. आरी खांद्यावर टाकून हे पायी निंगत, पांढुर्ण्यातून तिगावच्या रस्त्यानं, या बगीच्यातून त्या बगीच्यात. दामिनी म्हने, बाबा सायकल घेऊन देतो. तं हे म्हनत, "सायकलवर बसलं का झाडं मांगं पळतात. मले पाहाले नाही भेटत." संध्याकाळी घरी येऊन सांगत, त्या धुऱ्याच्या बांधावरचं झाड उदास आहे, अमक्याचं झाड लय खुशीत आहे. मानसाची खबर विचारा, एक नाही सांगता ये. झाडायची पुरी खबर.

यायच्या डाव्या भिवईच्या वर जखमेची एक खून होती, चंद्राच्या कोरीसारखी. ती गोटमारीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत पळसाचं झाड गाडतात, त्याच्यावर झेंडा. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, अन् दोन्हीकडून गोटे. माह्या लगनाच्या आंधी हे झेंड्यासाठी पान्यात उतरले होते. सावरगावच्या भैय्याजीचा गोटा कपाळाले बसला. यायनं त्याले फेकतानी पाह्यलं, त्यानं यायले पडतानी पाह्यलं. चंडीमायची भभूत लावली अन् घरी आनलं. दुसऱ्या दिवशी तोच भैय्याजी दारात उभा. म्हने, "चिंध्या, जेवाले आलो."

सासूनं वाढता वाढता विचारलं, "कोन्या मुडद्यानं मारलं रे माह्या लेकराले?"

हे म्हनले, "नदीनं मारलं."

भैय्याजी खाली मान घालून जेवत राह्यला. तवापासून दोघं भावासारखे. आमच्या घरी असंच होतं, गोटमारीत लागलं तं नाव नाही घ्याचं. सासरा असाच होता, हेबी असेच.

हे सारं सांगून राहिली कारन यायनं तोच कायदा रस्त्याले लावला.

धुक्याचे दिवस होते. बगीच्यात तोडाई चालू होती, रस्त्यानं कॅरेट भरलेल्या पिकअप जात होत्या. त्या सकाळी धुकं असं का आंगनातली तुळस दिसत नव्हती. हे निंगाले, चार पावलं गेले अन् विरून गेले. आरीचे दात तेवढे एकदा चमकले. मले अजून तसंच दिसते, जसं कोनी पांढऱ्या चादरीत शिरून जाते अन् चादर हालतबी नाही.

हे रस्त्याच्या कडेनंच चालत होते. मांगून गाडी आली. मांडीचं हाड मोडलं, डोकं दगडाले लागलं. ज्या दूधवाल्यायनं उचलून आनलं ते म्हनत, "काकी, चौफेर संत्रे सांडले होते. असं वाटे का काका झाडाखाली निजले आहेत." गाडी तिथं नव्हती.

दवाखान्यात पोलीस आला. गाडी कोनची, नंबर काय, डरायवर कोन?

हे म्हनले, "धुकं होतं साहेब. काही दिसलं नाही."

त्यानं लिहून घेतलं, अज्ञात वाहन. मीबी मानलं. धुकं तं होतंच.

मंग एक दिवस वैभव आला, भैय्याजीचा पोरगा. माह्या मांडीवर खेळलेला. त्याची सोताची पिकअप आहे, संत्रा नागपूरले नेते. एरवी लय बडबड्या पोट्टा, त्या दिवशी बोलेच ना. पायथ्याशी बसला. पलस्तराकडं पाहे, खिडकीकडं पाहे, यायच्या तोंडाकडं नाही पाहे.

हे म्हनले, "वैभ्या, झाडं कसे आहेत रे तुह्या बाबाचे?"

"चांगले आहेत काका."

"सल काढा लागते."

"हो काका."

"यंदा मी काही येत नाही बाप्पा."

पोट्ट्याचे डोळे भरून आले. हे माह्याकडं वळले, "चहा पाज वो त्याले. हात पाय थंडे पडले त्याचे."

तो गेला. हे कपाळावरची खून बोटानं चोळत होते. मी म्हटलं, "तोच होता न?"

"कोन?"

"मले येडी समजता का?"

"नदीनं मारलं समज," हे म्हनले. "नाव नको घेऊ."

संत्र्याले फूल आलं तवा हे गेले. पडून पडून छातीत पानी भरलं, डॉक्टर म्हने हे त्या मारामुळंच झालं. खिडकीतून फुलाचा वास आत येत होता, इतका का दवाईचा वास दबून गेला. यायनं डोळे मिटले होते. हळूच म्हनले, "सारे जागे झाले." झाडायबद्दलच म्हनले असतीन. भैय्याजीनं अन् वैभवनं खांदा दिला. मी नुसती पाहत राह्यली.

मंग दामिनी मले सौंसरले घेऊन गेली, तिचं सासर तिथंच. तिच्या गल्लीत उर्वशी नावाची वकील बाई राह्यते. एका दुपारी ती येऊन बसली. म्हने, "काकू, गाडी सापडलीच नाही तं सरकार थोडीशी मदत देते, तसा नियम आहे. पन गाडी कोनची ते माहीत असन तं क्लेम लावता येते, तो मोठा. गाडीचा बीमा असते न, त्याच्यात थर्ड पार्टी म्हनतात. ती थर्ड पार्टी म्हनजे रस्त्यानं पायी चालनारा मानूस. तुमचे मालक."

मी विचारलं, "पैसा मंग त्या डरायवरच्या घरचा जाते?"

"नाही. गाडीचा बीमा चालू असन, लायसन बरोबर असन, तं कंपनी देते. त्याच्या घरच्या छपराचा कवेलूबी नाही हालत."

"अन् जेल?"

"खोटं नाही सांगत काकू. पोलीस केस त्याच्यावर होईन. जमानत होते, पुढचं जज पाहीन. थांबून दवाखान्यात नेलं असतं तं गोष्ट वेगळी राह्यली असती."

"कवापर्यंत सांगा लागते?"

"एक्सिडेंटपासून सहा महिन्याच्या आत लावा. तुमी उनाळ्यापर्यंत बसून राहिले. उशीर काहून झाला तेबी खरं सांगा लागन. अन् डरायवर सोता कबूल झाला तं लय बरं. नाही तं कंपनी म्हनन, गाडी या लोकायनं नंतर आनून लावली."

दामिनी माह्याकडं पाहत होती. "माय, तुले माहीत आहे का गाडी कोनाची?"

"धुकं होतं," मी म्हटलं. माह्या तोंडातून यायचाच शब्द निंगाला.

दामिनी म्हने इथंच राह्य. पन जावयाच्या घरी किती दिवस राहू? माहे गुडघे गेले, कापूस वेचनं होत नाही आता. मले माह्या घरी राह्याचं होतं, त्या आरीखाली. नाव घेतलं तं माहं घर राहीन. नाव घेतलं तं यायचा शब्द जाईन. माह्या डोक्यात हेच फिरे, पान्यातल्या भोवऱ्यासारखं.

वकील बाई गेली अन् ओसरीत माहा डोळा लागला. सपनात जाम नदी भरून होती. दोन्ही काठाले मानसंच मानसं, पन आवाज नाही. गोटे उडून राहिले होते, पाखरासारखे, हळूहळू. पळसावर झेंडा नव्हता, संत्र्याचे पांढरे फुलं होते. तिकडच्या काठावर भैय्याजी, जवान, हातात गोटा. मधात हे. मी वरडली, "उचला न वो! तुमीबी उचला!"

हे माह्याकडं फिरले. दोन्ही हात पुढं करून दाखवले. काहीच नव्हतं हातात. खांद्यावर आरी. मी खाली पाह्यलं तं पान्याच्या जागी डांबर होतं.

उठली तं चहाचा वास येऊन राह्यला होता. दामिनी म्हने, "काय झालं माय, घामानं भिजली तू."

"तुह्या बाबाच्या हातात गोटा नव्हता."

"काय?"

"त्या रस्त्यावर वो. गोटमारीत दोघायच्याबी हातात राह्यते."

मंग मी तिले सारं सांगतलं. ती रडली, मले बोललीबी. बोलू दिलं.

पांढुर्ण्याले आली अन् पहिले सावरगावात भैय्याजीकडं गेली. तो खाटेवर बसला होता. "ये वैनी, बस. मठ्ठा घे."

"मठ्ठा मंग घेईन भाऊजी. मी पोलीस थान्यात जाऊन राहिली, वैभवचं नाव सांगाले. चोरून नाही जात, म्हनून आंधी इथं आली."

भैय्याजी उठला, परत खाटेवर बसला. मंग म्हने, "चिंध्या मेला पन त्यानं नाव नाही घेतलं. ना माहं, ना पोराचं."

"नाही घेतलं. पन तवा तुमीबी नदीवर उतरले होते, तेबी उतरले होते. तुमी समोरून मारलं, अन् दुसऱ्या दिवशी जेवाले आले. हे तं कामाले जात होते भाऊजी. त्यायच्या हातात गोटा नव्हता."

"पोट्टं घाबरलं होतं वैनी."

"मले माहीत आहे."

"त्याच्यासाठी पोरगी पाहून राहिलो. कोन देईन आता?"

"अन् मी कोनाच्या दारी जाऊन बसू?" मंग मी त्याले वकील बाईनं सांगतलेलं सारं सांगतलं, जेलचंबी लपवलं नाही. म्हटलं, "तुमी गाडीचा बीमा भरता न? तो कोनासाठी भरता?"

"मले वाटे पोलिसाले दाखवासाठी," भैय्याजी म्हने. खरंच तसं वाटे त्याले. दुसरी वेळ असती तं मी हासली असती.

वैभव दारात येऊन उभा होता. "बाबा, मी जातो काकीसंग."

"चूप बस तू."

"नाही बसत. गाडी सुरू केली का मले काका दिसते." मंग माह्याकडं पाह्यलं त्यानं, किती दिवसानं. "काकी, मी उतरलो होतो. काकाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काकानं डोळे उघडले, मले वळखलं. म्हने, जाय, कोनी पाह्यलं नाही. जाय लवकर."

"अन् तू गेला?"

"काका म्हने म्हनून गेलो."

मी तिथंच खाली बसली. मले यायचा राग आला. जिवंतपनी कधी आला नाही इतका आला. मोडल्या हाडानं पडून हे त्या पोट्ट्याले सोडवून राहिले, अन् माहा इचार नाही, दामिनीचा नाही. अन् रागासंग हसूबी आलं बापा, कारन हे असेच. मंग रडली. वैभव माह्या पायाजवळ बसून रडला. भैय्याजी उठून आत गेला.

वैभवनं गाडीची चाबी उचलली, हातात फिरवली, परत ठेवून दिली. आमी पायीच निंगालो. नदी कोरडी होती, पात्रात नुसते गोटे, उन्हात निजलेले. इतके गोटे अन् इतकी शांती. अर्ध्यात पोचलो तं मांगून चपला वाजल्या. भैय्याजी येऊन राह्यला होता, शर्टाचे बटन लावत, काखेत गाडीचे कागद. थोडा मांगं मांगंच चालला.

आता क्लेम लागला आहे. तारखा पडतात. कंपनीचा वकील उलटं सुलटं विचारते, मी जसं झालं तसं सांगते. वैभववर केस चालू आहे, जमानत झाली. त्याच्या लगनाची गोष्ट अटकली आहे, भैय्याजी मले कधी कधी टोमना मारते, अन् मंग सोताच मठ्ठा घेऊन येते. काय होईन ते होईन. पन मले तो थान्यातला घडीभराचा वेळच जास्त आठवते.

पंखा फिरत होता. मुंशीनं कागद सरकवला अन् सरकारी हिंदीत विचारलं, "मृतक का नाम?"

वैभव सांगाले गेला. मी त्याचा हात धरला. इतके वर्षं हे मले म्हनत, नाव नको घेऊ. अन् मी तं यायचंबी नव्हतं घेतलं. मी पदर तोंडाशी नेला, नव्या नवरीसारखा.

"चिंधू," मी म्हटलं.

"जोर से बोलो अम्मा. सुनाई नहीं दिया."

"चिंधू!"

लय जोरानं म्हनली वाटते, बाहेरचे लोक वळून पाहाले लागले. अन् मीबी दाराकडं पाह्यलं. कोनाले हाक मारली का तो मानूस येतेच न. बाहेर ऊन होतं, पांढरं, धुक्यासारखंच. मले वाटलं आता त्या उन्हातून आरीचे दात चमकतीन.