आधीच इंजिन बंद करणारे इस्माईलचाचा

इस्माईलचाचा होडीचं इंजिन इतक्या लवकर बंद करत, की नवखा माणूस हमखास म्हणे, "बिघडली वाटतं." मीही म्हणालो होतो. जेटी अजून चांगली लांब, आणि हा माणूस इंजिन बंद करून सुकाणूवर हात ठेवून स्वस्थ! होडी मात्र सरकत सरकत येई आणि जांभ्या दगडाच्या जेटीला अशी टेके, की मांडीवर झोपलेलं पोरसुद्धा जागं होऊ नये. माझा उजवा पाय आज माझ्याकडे आहे तो या माणसामुळे, म्हणून हे लिहायला बसलो.

अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीजवळच्या एका खाडीपलीकडच्या शाळेत मी विज्ञानशिक्षक म्हणून लागलो. मी जतकडचा. तोवर जास्तीत जास्त पाणी पाहिलं होतं ते टँकरमधलं. खाडीवर पूल नव्हता, त्यामुळे जाता-येता चाचांची होडी. पांढरी दाढी, जाळीची टोपी, चौकड्यांची लुंगी, आणि बोलणं अगदी मोजकं.

"चाचा, एवढ्या लांबून इंजिन बंद? डिझेल वाचवता होय?" मी एकदा विचारलं.

"रिकामी होडी लगेच आयकते, मास्तर. भरलेलीला आधीपासून समजवावं लागतं."

मी हसलो. त्याच आठवड्यात नववीच्या फळ्यावर मी लिहिलं होतं : संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. चाचा तेच सांगत होते, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. फळ्यावरचं ज्ञान डस्टरबरोबर शाळेतच ठेवून यायची मला सवय होती.

मला मदतीची हौस फार. एकदा जेटीवर आधी उडी मारून मी दोर खुंट्याला गच्च बांधून टाकला. होडी अजून चालतीच होती. दोर ताणला, होडीला असा हिसका बसला, की पंधरा माणसं एकमेकांच्या अंगावर आणि मासेवाल्या मावशींची टोपली थेट जेटीवर, माझ्या पायाशी.

"आता शाळेत न्या माजे बांगडे," मावशी कडाडल्या, "त्यांनाबी शिकवा!"

चाचांनी दोर सोडवला, खुंट्याला एकच वेढा दिला आणि हातातून हळूहळू सरकू दिला. "एकदम अडवायचं नाय. वाईच वेळ द्यायचा तिला. मग ती आपणहून थांबते." बल कमी हवं तर वेळ वाढवा. आवेगाचा हा धडा मी पुढच्याच सोमवारी शिकवणार होतो. तो मला बांगडे गोळा करता करता शिकावा लागला.

एवढ्यावर शहाणा झालो असतो तर पुढचं टळलं असतं. शाळेच्या नव्या खोलीसाठी सिमेंट आणायचं होतं. चाळीस पोती होडीत, वर मी. त्या दिवशी चाचांनी इंजिन नेहमीपेक्षाही कितीतरी आधी बंद केलं, सुकाणू बांधलं आणि लांब बांबू घेऊन ते पुढे आले. जेटीवर माझा नववीचा वर्ग पोती उतरवायला उभा. होडी मुंगीच्या चालीनं सरकत होती. पोरांसमोर आपणही दर्यावर्दी दिसावं म्हणून मी पुढच्या टोकावर बसलो आणि जेटीला टेकवायला उजवा पाय लांब केला. म्हटलं, एवढीशी तर गती, अडवू पायानं.

"पाय!" चाचा ओरडले आणि बाजूनं बांबू आडवा मारून मला मागे लोटलं. मी उताणा सिमेंटवर. खाली कर्रकन आवाज झाला. माझी चप्पल होडी आणि जेटीच्या मध्ये सापडली होती.

"पाय हाय?" चाचांनी वाकून विचारलं.

"आहे."

"बोटं मोजा."

"अहो, आहेत—"

"मोजा म्हणतो ना!"

मी मोजायला लागलो. जेटीवरून अख्खा वर्ग माझ्याबरोबर मोजत होता, आणि दहावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाढ्यांना इतका एकमुखी प्रतिसाद त्यांनी कधी दिला नव्हता.

चाचा माझ्याशेजारी पोत्यावर बसले. "हळू येतेय ते बगितलात, मास्तर. पोटात चाळीस पोती हायेत ते नाय बगितलात?" दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच वाक्य फळ्यावर लिहिलं. त्या वर्षी संवेगाच्या प्रश्नात एकही पोर चुकलं नाही.

पाच-सहा वर्षांनी पूल झाला. पहिली एसटी पुलावरून गेली तेव्हा आम्ही दोघं जेटीवर उभे होतो. चाचांना वाईट वाटत असेल, म्हणून मी सांत्वनाची दोन वाक्यं जुळवत होतो.

"सुटलो, मास्तर," तेच म्हणाले.

"म्हणजे?"

"तीस वरसं रोज भीती. कुणाचा हात, कुणाचा पाय मध्ये येतोय. तुमच्या त्या दिवसानंतर आठ दिवस घास गिळला नाय मी." त्यांनी जेटीकडे पाहिलं. "अल्लाची मेहेरबानी. कुणाचं नखसुद्दा नाय गेलं."

ज्या माणसाच्या थंडपणाची मी वर्षानुवर्षं थट्टा केली, तो इतकी वर्षं घाबरून होडी हाकत होता.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना भेटायला गेलो, तर चाचीनं दारातच ओठांवर बोट ठेवलं. आत चाचा घोरत होते. "सकालचे जेवून जे आडवे झालेत," ती हसत कुजबुजली, "मगरीबची अजान होईल आता, पण उठवायचा जीव होत नाय."