नॉर्वेतलं हॉटेल आणि ठाकुर्लीची खानावळ

‘तुम्ही बसा हो, मी बघतो.’

कँटीनमध्ये हे वाक्य रोज ऐकू यायचं. आम्ही सगळे डबे उघडून बसलेलो आणि आमचे एक साहेब उभे. कुणाला पाणी हवंय, कुणाची आमटी संपली, कोण नुसताच भात चिवडतोय, हे त्यांना मागे उभं राहूनही कळायचं. आमचं अर्धं जेवण उरकलं की मग ते टेबलाच्या टोकाला बसायचे आणि भराभरा आपला डबा संपवायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. अशा माणसाची चेष्टा करायला फार अक्कल लागत नाही. एकदा आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, ‘साहेब, मागच्या जन्मी वाढपी होता वाटतं!’

सगळे हसले. तेही हसले. पण हातातला जग टेबलावर ठेवून जे बाहेर गेले, ते त्या दुपारी जेवायला आलेच नाहीत.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. ठाण्याला आमचा कारखाना होता. धरणावरच्या वीजकेंद्रांना लागणारे मोठाले व्हॉल्व्ह तिथे बनायचे. ते शॉपवर असिस्टंट इंजिनियर, मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. राहायला दोघंही डोंबिवलीत, एकाच बिल्डिंगमध्ये. त्यांचा ब्लॉक बरोबर आमच्या खाली. घरात बायको, शाळेत जाणारा मुलगा आणि आई. आई बहुतेक वेळ गॅलरीत बसलेल्या असायच्या. जाता-येता मी दिसले की विचारायच्या, ‘जेवलीस का गं?’ संध्याकाळी कामावरून येतानाही हेच. त्याशिवाय फारसं बोलायच्या नाहीत.

नॉर्वेच्या एका कंपनीशी आमचा करार झाला आणि ट्रेनिंगसाठी या साहेबांची निवड झाली. डोंगरातल्या एका लहानशा गावात, तिथल्या वीजकेंद्रावर काही महिने राहायचं होतं. परत आले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो. आम्हाला मशिनं कशी आहेत ते ऐकायचं होतं, निदान बर्फाचं तरी. हे सांगत बसले ते हॉटेलचं.

‘अहो, सगळं लाकडाचं! शंभर वर्षांच्या वरचं. आणि चालवतं कोण? एकच घर. चार पिढ्या.’

म्हातारी मालकीण येईल त्याला दारात येऊन हात मिळवते. मुलगा स्वैपाक करतो. सून खोल्या आवरते आणि पाहुण्यांच्या बॅगाही उचलते. जेवणघराच्या भिंतीवर घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांचे फोटो आहेत. ‘आणि पणजोबांनी फोटो कसा काढलाय सांगू? कमरेला एप्रन बांधून. मुद्दाम हो! कोट असेलच की त्यांच्याकडे.’ हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज खाली यायचा.

हे गेले तेव्हा प्रवाशांचा हंगाम संपलेला. बहुतेक दिवस हॉटेलात पाहुणा म्हणून हे एकटेच. लांबलचक टेबल, त्यावर पांढरीशुभ्र चादर, एक मेणबत्ती, एक ताट आणि त्या ताटासमोर हे. घास उतरेना. एका संध्याकाळी ताट उचलून सरळ स्वैपाकघरात गेले आणि खुणेनंच विचारलं, इथे जेवू का? म्हातारी ओट्याशी उभी राहून बटाट्याच्या पिठाची पातळ रोटी लाटत होती.

‘पोळीच हो! आपल्या तिप्पट मोठी. लाटण्याला बारीक खाचा.’

त्यांनी लाटणं मागून घेतलं. पहिलीच पोळी गोल गरगरीत आली. म्हातारीनं मुलाला हाक मारली, सुनेला हाक मारली. त्या दिवसापासून हे त्यांच्या घरच्या टेबलावर जेवायला लागले. हे शाकाहारी, म्हणून कोबी, बटाटे, पोळ्या, आणि एक तपकिरी चीज, ज्याची चव जरा जास्त भाजलेल्या पेढ्यासारखी.

ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली की पुढे पुढे त्यांनी ‘नॉर्वेला’ म्हटलं की लोक डब्यात तोंड खुपसायचे. पण त्यातला एक तुकडा त्यांनी कधीच सांगितला नव्हता.

तो मला कळला नव्वद सालानंतर. एका संध्याकाळी ते वर आमच्याकडे आले.

‘तुमचं इंग्रजी बरं आहे. एक काम होतं. ती हॉटेलवाली म्हातारी येतेय इंडियात. सूनही येतेय. त्यांना डोंबिवलीला यायचंय.’

‘मग छानच की!’

ते चहा झाला तरी उठेनात. मग खाली मान घालून म्हणाले, ‘त्यांना आमचं हॉटेल बघायचंय.’

‘तुमचं हॉटेल?’

त्या संध्याकाळी पोळी लाटल्यावर म्हातारीनं विचारलं होतं, कुणी शिकवलं? हे म्हणाले, आईनं. ती खूप लोकांना जेवायला घालते. म्हातारी म्हणाली, म्हणजे तुमचंही हॉटेल आहे? हे म्हणाले, हो, लहानसं. अजून चालू आहे? त्यावरही हे म्हणाले, हो.

‘“खानावळ होती” म्हणायचं होतं हो. तोंडून निघालं नाही. ते फोटो, तो एप्रन बघून आलेलो ना मी.’

मग बाकीचं सांगितलं. वडील लवकर गेले. आईनं ठाकुर्लीला दोन खोल्यांत खानावळ काढली. पॉवर हाऊसमध्ये आणि रेल्वेत लागलेली कोकणातली, घाटावरची एकटी पोरं जेवायला यायची. हे शाळेतून आले की पोळ्या लाटायचे, मग वाढायला उभे राहायचे. त्याच खानावळीवर इंजिनियर झाले. लग्नाचं जमत होतं तेव्हा मुलीच्या काकांनी सहज विचारलं, ‘आई काय करतात?’ हे म्हणाले, ‘घरीच असतात.’

‘आणि मग घरी येऊन आईला म्हटलं, बंद कर.’

‘त्या काय म्हणाल्या?’

‘“बरं” म्हणाली. मोठी पातेली देऊन टाकली, तेव्हाही काही बोलली नाही.’

आता त्यांचं म्हणणं असं, की मी त्या बायकांना सांगायचं, हॉटेल दुरुस्तीसाठी बंद आहे. मी म्हटलं, ‘सांगेन. पण आई समोर बसलेल्या असतील. त्यांना काय सांगणार?’

‘तुम्ही चला खाली,’ ते म्हणाले. ‘एकट्यानं नाही जमणार मला.’

आई गॅलरीत मेथी निवडत होत्या. ते उभ्याउभ्याच सगळं बोलून गेले, शाळेतल्या पोरासारखं, घाईघाईनं. आईंचे हात थांबले नाहीत.

‘तिकडे सांगितलंस, अजून चालू आहे म्हणून?’

‘हो.’

‘आणि लग्नाच्या वेळी सांगितलंस, घरीच असते म्हणून. ते खरं करायला मी बंद केली. आता हे खरं करायला उघडू?’

स्वैपाकघराच्या दारात त्यांची बायको येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, ‘मला कुणी विचारलंच नव्हतं. मला चालली असती खानावळ.’

मला वाटलं, आपण इथे नसतो तर बरं झालं असतं. आईंनी निवडलेली मेथी ताटात सारखी केली आणि म्हणाल्या, ‘किती माणसं येणार? रविवारी बोलाव. खानावळीत करायचे तशी फीस्ट करू.’

तो रविवार मला अजून दिसतो. आईंनी पहाटेपासून ओटा कुणाला शिवू दिला नाही. ठाकुर्लीला जेवायला असलेले दोन जण त्यांनी निरोप पाठवून बोलावले होते, दोघंही आता केस पिकलेले, एक तर नातू घेऊन आलेला. बाहेरच्या खोलीत जमिनीवर पंगत मांडली. नॉर्वेच्या म्हातारीला काही केल्या पाटावर बसता येईना, म्हणून तिला शिलाई मशीनचं स्टूल आणि पुढ्यात टीपॉय. उंच, ताठ बाई. सून मात्र मांडी घालून झकास बसली.

आई वाढत होत्या. ज्या बाईला मी इतकी वर्षं गॅलरीत थिजून बसलेली पाहिली, ती ताटांमधून अशी फिरत होती की बघत राहावं. ‘घे रे, भात राहिलाय तुझा. लाजतोस काय?’ नातू असलेल्या माणसाला असं म्हणत होत्या, आणि तो ताट पुढे करत होता. म्हातारीनं पोळी हातात धरून उलटसुलट पाहिली, बोटानं कड चाचपली आणि आईंकडे बघून मान डोलावली. आईंनीही डोलावली. दोघींना माझी गरज नव्हती.

मग म्हातारीनं हसून विचारलं, ‘हॉटेल कुठे आहे?’ मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे पानावरून उठले. उष्ट्या हातानं उभे राहिले आणि तुटक इंग्रजीत म्हणाले, ‘नाही हॉटेल. मी बंद केलं. मला लाज वाटली. तुमच्याशी मी खोटं बोललो.’

सून सासूच्या कानाशी लागून त्यांच्या भाषेत समजावत होती. म्हातारीचा चेहरा हळूहळू उतरला. तिनं मला आईंना विचारायला सांगितलं, ‘तुम्हाला राग आला होता का?’

मी विचारलं. आई श्रीखंडाचं भांडं कडेवर धरून उभ्या होत्या.

‘आलेला. अजून आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण तो पंगतीत नाही काढायचा. तिला सांग, श्रीखंड घे.’

मी जसंच्या तसं सांगितलं. म्हातारीनं हातातली पोळी ताटात ठेवली. मग ती बोलली ते असं, की तिच्या मुलाला बोटीवर इंजिनियर व्हायचं होतं. निघालाही होता. तिनं त्याला परत बोलावलं. म्हटलं, हॉटेल कोण बघणार? तोही फक्त ‘बरं’च म्हणाला. ‘गावात सगळे माझं कौतुक करतात, मुलगा घरी राहिला म्हणून. त्याला काय वाटतं, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.’

सून खाली बघत होती. मी मराठीत सांगितलं. आई पुढे झाल्या आणि म्हातारीच्या वाटीत श्रीखंड वाढलं, नको म्हणत असताना आणखी एकदा वाढलं.

त्या पंगतीनं सगळं ठीक झालं, असं सांगता आलं असतं तर मलाही आवडलं असतं. हे आईंच्या मागे लागले, पुन्हा सुरू करू, मी सगळं करतो, तू नुसती बस. आई म्हणाल्या, ‘नको. आता होत नाही माझ्यानं. तेव्हा होत होतं.’ एवढंच. टोचून बोलल्या नाहीत, म्हणून ते त्यांना जास्त लागलं असावं. त्यानंतर मला भेटले की एखादं वाक्य अर्धवट सोडायचे, ‘ती “बरं” म्हणाली तेव्हाच मी जर...’ आणि जिना उतरून जायचे.

चार-पाच वर्षांनी आई गेल्या. शेवटच्या आजारात यांनी रजा काढून सगळं केलं, चमच्यानं भरवलंसुद्धा. त्याबद्दल कुणी कौतुक केलं की म्हणायचे, ‘छे हो, उशीर झाला.’

नव्वदचं दशक सरता सरता कारखाना आटपला. त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि मुलाकडे बंगलोरला जायचं ठरवलं. जायच्या आधी मला म्हणाले, ‘ठाकुर्लीला येता का जरा? एकदा बघून येऊ.’

गेलो. त्या दोन खोल्या होत्या ती बैठी चाळ पाडून तिथे सात मजली बिल्डिंग उठत होती. पत्रे लावलेले, फाटकाशी वॉचमन बसलेला. हे फाटकासमोर उभे राहिले, आत काहीच ओळखीचं उरलं नव्हतं. वॉचमनला वाटलं फ्लॅट बघायला आलेत. त्यानं विचारलं, ‘कोण पाहिजे?’

‘इथे माझी आई खानावळ चालवायची,’ ते म्हणाले. मोठ्यानं, रस्त्यावरच्या दोन माणसांनी वळून बघितलं इतक्या मोठ्यानं.

वॉचमननं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘बरं, मग?’

‘काही नाही,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला सांगितलं.’