चिंचेत भिजवलेले व्हॉल्व्ह

आमच्याकडे खंडेनवमीची पूजा गॅरेजमध्ये होत असे. बायको खाणीत मेकॅनिकल इंजिनियर होती आणि घरातली सगळी हत्यारं तिची. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. पूजेत माझं एक शाईचं पेन असायचं, तेही तिनं आठवण केली तर. त्या सकाळी ती स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालवायच्या गाडीच्या, इंजिनातले दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढी, घासूनपुसून पान्यांशेजारी ताम्हनात मांडी, हळदकुंकू वाही. कॅनडातल्या आमच्या सडबरीत बर्फ त्यानंतर थोड्याच आठवड्यांत येतो, त्यामुळे मुहूर्त सोयीचा होता.

मार्चमध्ये ती गेली. सप्टेंबरात हॅलिफॅक्सहून मुलीचा फोन आला.

"बाबा, जस्ट सेल द स्लेड. हू इज गोइंग टू राइड इट?"

"मी," मी म्हणालो.

मग ती हसली. मार्चनंतर मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. हसता हसताच तिनं अट घातली: फेब्रुवारीत ती येणार, स्नोमोबाइलवर तिला मागे बसवून मी गोठलेलं तळं ओलांडलं तर गाडी ठेवायची, नाही तर विकायची. मी कबूल झालो. त्याआधी मी ती गाडी एकदाही चालवली नव्हती.

वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत. पण हत्यारांना कसलं सुतक, असं स्वतःलाच सांगून मी खंडेनवमीला गॅरेजचं दार वर केलं.

व्हॉल्व्ह म्हणजे लहान उलथन्यासारखं चपटं पातं. धूर बाहेर पडायच्या वाटेत ते उभं असतं; वेग वाढला की वर सरकतं आणि वाट मोठी करतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी पात्यावर बसते. फार बसली की पातं अडकतं आणि गाडीला वेगच घेता येत नाही. एवढं मॅन्युअलमध्ये होतं. मी ते दोनदा वाचलं, पेन्सिलीनं खुणाही केल्या. स्क्रू सोडवले, झाकण आणि स्प्रिंग क्रमानं वर्तमानपत्रावर मांडली आणि पाती ओढून काढली. डांबरात बुडवल्यासारखी काळी होती.

आता घासायची कशानं? तिच्या फळीवर ब्रशशेजारी चिंचेची बरणी होती आणि मिठाचा डबा. पुरावा स्पष्ट होता. मी चिंच कोळली, मीठ घातलं, पाती बुडवली आणि दोन तास वाचत बसलो.

शेजारचा म्हातारा आला तेव्हा मी नारळाच्या शेंडीनं घासत होतो. तो जन्मभर ट्रक दुरुस्त करत आलेला, इंग्रजीही फ्रेंचच्या चालीवर बोलणारा. त्यानं वाडग्यात बोट बुडवून चाटलं.

"सूप?"

"क्लीनर."

"प्रोफेसर, तुझं क्लीनर चविष्ट आहे. काजळीलाही आवडलेलं दिसतंय, हलायला तयार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिंच ताम्हन आणि समई उजळायला होती! तीस वर्षं मी दारात उभा राहून ते बघत आलो होतो. मी इतका हसलो की खुर्चीवर बसावं लागलं. म्हाताराही हसला, कशाला ते न कळताच.

त्यानं घरून क्लीनरचा स्प्रे आणि नायलॉनची घासणी आणली. "खरवडू नकोस. भिजू दे, पुस, परत भिजू दे. घाई करणारे लोक पातं ओरबाडतात." अशा कामाला मी बरा आहे. तासाभरात काळ्याखालून राखाडी धातू दिसू लागला. ज्या फटींत पाती सरकतात त्याही त्यानं माझ्याकडून पुसून घेतल्या. पात्याची तिरकी कड कुठल्या बाजूला येते, तेही दाखवलं.

"चल, बसवून टाकू," तो म्हणाला.

"आज नाही. आज पूजा. उद्या दसऱ्याची पूजा झाली की मगच हत्यारांना हात लावायचा."

"म्हणजे पान्यांना सुट्टी?"

"हो."

"पगारी?"

मी पेढा दिला. तोंडात टाकून त्यानं सुट्टी मंजूर केली. दसऱ्याच्या दिवशी दुपारी आम्ही पाती बसवली. बोटानं ढकलली की लोण्यातून जावं तशी सरकत होती. नंतरच्या बर्फात त्यानंच मला त्याच्या आवारात गोल गोल फिरवून गाडी शिकवली, आणि दर वळणाला फ्रेंचमध्ये शिव्या दिल्या.

फेब्रुवारीत मुलगी आली. तळं कडक गोठलं होतं. ती मागे बसली आणि दोन्ही हातांनी माझं जॅकेट धरलं. अर्ध्या तळ्यापर्यंत मी बैलगाडीच्या चालीनं गेलो. मग श्वास धरून अंगठ्यानं हँडलवरची वेगाची कळ दाबली. इंजिन क्षणभर घुटमळलं, आणि एकदम त्याचा आवाज मोकळा झाला. गाडी अशी सुटली की मुलगी कानाशी किंचाळली, आणि तिच्याहून मोठ्यानं मी.

पलीकडच्या काठावर तिनं हेल्मेट काढलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं किंवा कशानंही असेल.

"ओके," ती म्हणाली. "वुई आर कीपिंग इट. नाऊ गेट ऑफ. माय टर्न."

मला तिथेच गुडघाभर बर्फात उभा करून ती एकटी भरधाव निघून गेली. मी हात वर करून "सावकाश! सावकाश!" ओरडत राहिलो, आणि तिनं ऐकू नये असं मनापासून वाटत होतं.