पोपटीपुढची थाप

“खाली बगू नको, माज्याकडं बग!” कलावंतीण सुळक्याच्या उघड्या पायऱ्यांवर माझा मित्र गजा ओरडत होता आणि मी पालीसारखा कातळाला चिकटलो होतो. आजही थंडीत पनवेलला कुणी शेंगा मडक्यात भाजायची पोपटी लावली, आतल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास आला, की माझी मान खाली जाते.

मी गजाच्या गावी गेलो होतो, त्या सुट्टीत गजानं माझा एकेक पाय हातानं धरून पायरीवर ठेवत मला उतरवलं. संध्याकाळी त्यांच्या शेतात पोपटी लागली. वालाच्या गरम शेंगा तोंडात कोंबत मी सगळ्यांना सांगितलं, की घाबरला तो गजाच. आईच्या नावानं रडत होता, मी खांद्यावर टाकून आणला. दरी तर मी पाताळापर्यंत नेली. माणसं हसून लोळली. गजाचा काका तेवढा हसला नाही. सुळक्यावर पाहुणे न्यायचं काम काका त्याच हिवाळ्यात गजाच्या हाती देणार होता. मला हे ठाऊक होतं, तरी जीभ थांबेना.

“खरं हाय का रं?” काकानं त्याला विचारलं.

गजानं माझ्याकडे पाहिलं आणि शेंग सोलत म्हणाला, “हाय.”