राखाडी झगे आणि दोन एप्रन

शाळेत इंग्रजी शिकवायला आखातात जायचं, हे मी आणि माझ्या एका मैत्रिणीने एकाच दुपारी स्टाफरूममध्ये ठरवलं. ती घाटकोपरची, माझ्याच शाळेत पाचवी-सहावीला शिकवायची. नवऱ्याची गिरणी बंद पडून वर्ष होत आलं होतं. मी अंधेरीला आईवडिलांकडे राहायचे, लग्न झालेलं नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घराघरातून कुणी ना कुणी तिकडे जात होतं.

एजंटचं ऑफिस अंधेरी स्टेशनजवळ, एका लॉजच्या वर होतं. त्याने आमचे पासपोर्ट घेतले, डिग्री आणि बीएडची सर्टिफिकेटंही घेतली, ओरिजिनल. झेरॉक्स चालणार नाही म्हणाला. त्याच्यामागच्या कपाटात पासपोर्टांचे गठ्ठे रबरबँड लावून ठेवले होते. शाळेचं नाव विचारलं, तर म्हणाला, "तिथे उतरल्यावर कळेल, टीचर. स्पॉन्सर न्यायला येईल." आणि कपड्यांची यादी हातात दिली. राखाडी पायघोळ झगे तीन, पांढरे एप्रन दोन, डोक्याला रुमाल, रबरी तळाचे बूट.

"एप्रन कशाला?" मी विचारलं.

"तिकडच्या शाळांचा युनिफॉर्म असतो तसा."

मैत्रीण हसली. "खडूची धूळ नको साडीवर, म्हणून असेल गं."

आमच्या गल्लीत एक म्हातारे मुसलमान शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मापं देऊन झाल्यावर मी यादी पुढे केली. ती बराच वेळ वाचून ते म्हणाले, "बेटी, असे कपडे मी एकदाच शिवले. बंगल्यावरच्या आयांसाठी. तू तर टीचर ना?"

पर्समध्ये एजंटने नंतर दिलेली व्हिसाची झेरॉक्स होती, सगळी अरबीत. मास्तरांना उर्दू येत होतं, अक्षरं जवळपास तीच. काय लिहिलंय बघा, म्हणून मी कागद त्यांना दिला. त्यांनी चष्मा पुसला, एका शब्दावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले. मशीनवर बसलेला त्यांचा भाऊही पाय थांबवून बघायला लागला.

"इथं उस्तानी-बिस्तानी, टीचर वगैरे काही नाही," मास्तर म्हणाले. "खादिमा लिहिलंय. खादिमा म्हणजे कामवाली."

मी तशीच घाटकोपरला गेले. तिने कुकर उतरवला, सगळं ऐकून घेतलं. "एजंट म्हणाला, कागदावर काहीही असू दे, तिथे शाळाच तो बदलून घेते," ती म्हणाली. "आणि मी राजीनामा देऊन बसलेय." आतल्या खोलीत नवरा पाठ करून झोपला होता. झोपलेला नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

पासपोर्ट परत मागायला मी एजंटकडे दोनदा गेले. एकदा म्हणे पासपोर्ट दुसऱ्या ऑफिसात होता, एकदा कपाटाची चावी हरवली होती. तिसऱ्यांदा वडील सोबत आले. ते खुर्चीवर बसले, डबा उघडून भाकरी मोडली आणि म्हणाले, "पासपोर्ट गावल्याशिवाय मी हयसून हलूचंय नाय." एजंट हसला. मग तास गेला, दुसरा गेला, बाहेर थांबलेल्या बायका दारातून डोकावू लागल्या. तेव्हा त्याने कपाट उघडलं. पासपोर्ट मिळाला, बीएडचं सर्टिफिकेट मिळालं. डिग्रीचं मात्र कधीच मिळालं नाही.

पंधरवड्याने ती गेली. माझे झगे तिला बरोबर बसले, म्हणून मीच ते तिला दिले होते. सहार विमानतळाच्या काचेआड ती दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत राहिले. कुणीतरी तिला अडवावं असं सारखं वाटत होतं. ते कुणीतरी मीच असायला हवं होतं.

पहिल्या पत्रात तिने लिहिलं, मुलं हुशार आहेत, तीन आहेत. वर्गात तीनच मुलं कशी, हे मी उत्तरात विचारलं नाही. पुढच्या पत्रात घराचे चार मजले होते, जिने होते. शाळा कुठल्याच पत्रात आली नाही.

अडीच वर्षांनी ती परतली. मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीचे डाग होते. दिवसभर काम उरकल्यावर संध्याकाळी ती त्या मुलांना खरोखरच इंग्रजी शिकवायची, असं म्हणाली. मला रडू फुटलं.

"तू सांगितलं होतंस," ती म्हणाली. "मला कळलंही होतं. घरात बसवेना, म्हणून गेले."

मग तिने चहा टाकला आणि शाळेत आता सहावीला कोण शिकवतं, ते विचारलं.